चलो, लॅमिंग्टन रोड!

शनिवारी सकाळी सव्वानऊच्या सुमाराला ठाणे स्टेशनच्या जिन्यावर गोधडी उराशी धरून चालणारा एक लंबू मुलगा आणि त्याच्या मागून पडेल चेहऱ्याने येणारी एक मुलगी तुम्हाला दिसली असेल, तर बॉस, ती मीच! गोधडीत बाळबिळ काही नव्हतं. आत होता माझ्या धाकट्या भावाचा कंप्युटर. आदल्या रात्री अकरापर्यंत ठणठणीत असलेला आणि साडेअकराच्या आत ठप्प झालेला.

मारेकरी कोण, हे ओळखायला डिटेक्टिव्ह लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली सगळं घरबसल्या होतं, मग एवढं दहा किलोचं धूड घेऊन लोकलने कशाला निघालात? कारण सोपं होतं. भाऊ आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला. सोमवारी सकाळी थिसिसची ज्युरी. शीट्सवर लावायचे नऊ रेंडर बाकी. आणि रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक सगळी शटर्स खाली असतात. म्हणजे आमच्याकडे होता फक्त एक शनिवार!

‘वीस मिनिटांचं काम आहे रे!’

भावाचा पीसी पाच वर्षांचा. आत रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर. २०१९च्या जुलैत आलेला हा सहा कोअर आणि बारा थ्रेडचा गडी अजूनही बऱ्यापैकी कामसू आहे. पण रेंडर लावला की बाराच्या बारा थ्रेड कामाला जुंपले जातात आणि त्याच्याबरोबर आलेला छोटासा कूलर मे महिन्यात पार हात टेकतो. या प्रोसेसरला ९५ अंशांपर्यंतची मुभा आहे. भावाच्या स्क्रीनवर आकडा दिसत होता ९३. पंख्याचा आवाज तर असा, की शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, ‘रात्रीचं मिक्सर लावता का गं?’

मी अधूनमधून गॅजेट्सवर लिहिते. मोबाइलचे रिव्ह्यू, हेडफोनचे रिव्ह्यू, असं काय काय. त्यामुळे घरात माझी पत एकदम सॉलिड! नवा, उंच, टॉवरसारखा कूलर मीच मागवला. तो शुक्रवारी संध्याकाळी आला.

‘ताई, ज्युरी होऊ दे. मग बसवू,’ भाऊ म्हणाला.

‘अरे, वीस मिनिटांचं काम आहे रे! रेंडर अर्ध्या वेळात होतील बघ तुझे.’

(होत नाहीत. कूलर बदलून प्रोसेसर थंड राहतो, तापून मंदावत असेल तर ते थांबतं. अर्ध्या वेळाचं आश्वासन शुद्ध फेकाफेक होतं.)

तो मॅगी करायला स्वयंपाकघरात गेला आणि मी जुन्या कूलरचे चार स्क्रू सोडवले. कूलर निघेना. थोडा ओढला. निघेना. मग दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर खेचला.

टक्!

कूलर हातात आला. आणि त्याच्या बुडाला, गुळाच्या ढेपेला कागद चिकटावा तसा, प्रोसेसर चिकटून आलेला. सोनेरी पिना वर करून माझ्याकडे बघत होता.

झालं काय होतं, ते मला नंतर कळलं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक पेस्ट असते. धातूच्या दोन पृष्ठांमधल्या बारीक फटी भरून उष्णता पुढे पोचवायचं तिचं काम. पाच वर्षांत ती सुकून गोंदासारखी होते. एएम४ नावाच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर फक्त पिनांच्या पकडीवर बसलेला असतो, वरून त्याला कोणी धरून ठेवत नाही. बाजूची दांडी खाली असली तरी जोरात ओढलं की तो उपटून येतो. अगदी माझ्यासारख्या हुशार माणसांच्या हातात!

मी काय केलं? दांडी न उचलताच तो सॉकेटवर ठेवून अंगठ्याने दाबला. जाईना. मग दांडी उचलली, परत ठेवला, परत दाबला. या वेळी ‘गेला’. दांडी जरा कुरकुरत खाली आली. तेवढ्यात मॅगीची शिट्टी... म्हणजे भावाची शिट्टी ऐकू आली. मी पटकन पेस्ट लावली, नवा कूलर बसवला, वायर जोडली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. लाल-निळे लाइट लागले. स्क्रीन काळाच. मदरबोर्डच्या कोपऱ्यात ‘सीपीयू’ या अक्षरांपाशी एक बारीक लाल ठिपका पेटून राहिला.

‘काय झालं?’ भाऊ दारात. हातात बाउल.

आणि त्या क्षणी मी जे वाक्य बोलले, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, ‘तुझी ती नवीन रॅम गंडली असेल.’

ती रॅम त्याने महिन्यापूर्वी घेतली होती. एका सीनियरची ड्रॉइंग्ज करून देऊन मिळालेल्या पैशांतून. स्वतःच्या हाताने बसवली होती. त्याचा चेहरा पडला. रात्री दोनला मला जाग आली तेव्हा तो जमिनीवर बसून मोबाइलच्या उजेडात रॅम काढून परत बसवत होता. मी कूस बदलली.

गोधडी, पोलीस आणि प्लॅटफॉर्म

लॅमिंग्टन रोडला जायचा सल्ला बाबांचा. आमच्या घरात हा रस्ता म्हणजे तीर्थक्षेत्र! २००५च्या दिवाळीत बाबांनी आमचा पहिला असेंबल्ड पीसी तिथूनच आणला होता. मी तेव्हा दुसरी-तिसरीत. टॅक्सीत मागच्या सीटवर माझ्या मांडीवर कीबोर्डचा खोका आणि बाबांच्या मांडीवर जाडजूड मॉनिटर. घरी आल्यावर आईने कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं होतं. या वेळी बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढताच सांगितलं, ‘खालच्या काउंटरवर विचारू नका. ते विकायला बसलेत. रिपेअरवाला वरच्या मजल्यावर असतो.’

ठाण्यातून सुटणारी स्लो लोकल पकडली, म्हणजे निदान बसायला मिळालं. कॅबिनेट भावाच्या मांडीवर. दादरला उतरून पुलावरून वेस्टर्नला जायचं. पुलावर एका पोलिसाने थांबवलं.

‘काय आहे त्यात?’

‘कंप्युटर.’

‘चालू करून दाखवा.’

‘तोच होत नाहीये हो, साहेब!’ भाऊ इतक्या कळवळून म्हणाला की त्यांनी गोधडी जरा बाजूला करून बघितली आणि हसून सोडून दिलं.

दादरहून चर्चगेट स्लो. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड. एवढ्या वेळात भाऊ माझ्याशी एकच वाक्य बोलला, ‘सरकून बस.’

सिनेमाचा रस्ता, पिनांचा रस्ता

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात, की पाचेक मिनिटांत तुम्ही लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर मात्र हे नाव शोधू नका. पाटीवर आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. नाव बदलून जमाना झाला, पण टॅक्सीवाल्याला आजही ‘लॅमिंग्टन’च कळतं.

आईच्या पिढीसाठी हा रस्ता सिनेमाचा. ‘शोले’ १९७५च्या ऑगस्टमध्ये लागला आणि इथल्या मिनर्व्हात पाच वर्षं उतरलाच नाही, ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला सांगितली जाते. अप्सरा, नाझ, नॉव्हेल्टी अशी थिएटरांची रांगच होती. नाझच्या इमारतीत तर फिल्म वितरकांची ऑफिसं. कुठला सिनेमा चालला आणि कुठला पडला, याचा निकाल म्हणे आधी तिथे लागायचा. रस्त्याच्या दक्षिण टोकाला रॉयल ऑपेरा हाउस आहे. कित्येक वर्षं बंद असलेलं ते देखणं थिएटर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं.

बाबांच्या पिढीसाठी हाच रस्ता रेडिओ-टीव्हीच्या स्पेअर पार्टचा. आणि आमच्यासाठी कंप्युटरचा. एकाच फुटपाथवर सीसीटीव्हीच्या वायरची भेंडोळी, सोल्डरिंग गन, स्पीकरचे कोन, अँटेना, लॅपटॉपचे चार्जर आणि ‘क्या चाहिये, मॅडम? प्रिंटर? राउटर?’ असं गाणं गाणारी पोरं. हातगाडीवर मदरबोर्ड थप्पीने रचून चाललेला माणूस. त्याला चुकवत जाणारा बेस्टचा ड्रायव्हर. डोक्यावर मॉनिटरचे खोके घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ करत आला, की माणसं न बघताच सरकतात. इथे सगळ्यांना घाई आहे आणि तरी चहावाल्यापाशी सगळे निवांत उभे!

गर्दी पूर्वीइतकी राहिली नाही, असं इथले दुकानदार सांगतात. भाव लोक मोबाइलवर बघूनच येतात. एका काउंटरवर तर माझ्यादेखत गिऱ्हाइकाने फोन पुढे केला, ‘इथे चारशे कमी आहे.’ दुकानदाराने शांतपणे उत्तर दिलं, ‘मग तिथूनच घ्या. बसवायला मात्र इथेच याल.’

आम्ही बाबांचं न ऐकता आधी खालच्याच काउंटरवर गेलो. मुलाने गोधडीकडे बघितलं, कॅबिनेटकडे बघितलंसुद्धा नाही. ‘बोर्ड गया होगा. नया डालो. दिखाऊं?’

भावाने माझ्याकडे बघितलं. मी जिन्याकडे.

‘चालू होत नाही म्हणजे काय होत नाही?’

लाकडी जिना. कठडा हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला. पहिल्या मजल्यावर पलंगाएवढ्या खोलीत एक टेबल, त्यावर रबरी मॅट, भिंग लावलेला दिवा, ब्रश, पकडी, स्पिरिटसारख्या वासाची एक बाटली आणि मागे खचाखच रॅक. साठीकडे झुकलेले काका. चष्मा कपाळावर. दुकानाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ते म्हणाले, ‘लिहू नका, बाई. आहेत तेवढी कामं होत नाहीत.’

‘बोला.’

‘चालू होत नाहीये,’ मी म्हटलं.

‘चालू होत नाही म्हणजे काय होत नाही?’

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. त्यांनी तीन बोटं वर केली. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखासुद्धा फिरत नाही, तर करंट पोचत नाहीये. म्हणजे एसएमपीएसचा मागचा स्विच, २४ पिनांची जाड केबल किंवा बटणाची वायर बघायची. कूलर बसवताना हात लागून ती बारीक वायर हमखास निघते. पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, तर प्रोसेसर, त्याची वेगळी आठ पिनांची केबल किंवा रॅम. आणि चालू होऊन थोड्याच वेळात बंद पडतो, तर प्रोसेसर तापून स्वतःला वाचवतोय. कूलर नीट टेकलेला नसतो, नाहीतर बुडाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायची राहिलेली असते. ‘तीन वेगळे आजार आहेत. गिऱ्हाईक तिन्हीला एकच नाव देतं.’

‘पंखा फिरतो, डिस्प्ले नाही,’ भाऊ म्हणाला. ‘ताई म्हणते रॅम खराब आहे.’

काकांनी वायर लावून बटण दाबलं. लाल ठिपका पेटला. ‘रॅम? रॅमचा काय संबंध? हा बघ लाइट. बोर्ड चालू होताना एकेक जण हजर आहे का बघतो. आधी प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक कार्ड, मग डिस्क. हा पहिल्यालाच अडकलाय. कुठून आलात तुम्ही?’

‘ठाण्याहून.’

‘ठाण्याहून गाडीच सुटली नाही, तर दादरला गर्दी आहे का, हे कशाला बघायचं?’

भाऊ माझ्याकडे वळला. काही बोलला नाही. मी भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरचा बारकाईने अभ्यास सुरू केला.

‘शेवटचा हात कोणाचा लागला?’ काका.

‘माझा. कूलर बदलला.’

‘जुना सरळ निघाला?’

हा प्रश्न मला अपेक्षित होता. रात्रभर होता. ट्रेनमध्ये होता. आणि तरीही तोंडातून आलं, ‘हो. निघाला.’

काका कामाला लागले. आठ पिनांची केबल काढून परत लावली. दुसरा एसएमपीएस जोडून बघितला. बोर्डवरचा बटणासारखा सेल काढला, जुनी सेटिंग पुसली जावीत म्हणून थोडा वेळ थांबले, परत बसवला. दर वेळी बटण. दर वेळी लाल ठिपका. अर्धा तास गेला. जिन्यावर अजून दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली.

शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘तुम्ही म्हणता सगळं सरळ झालं, तर मग बोर्ड गेलाय नाहीतर प्रोसेसर. बोर्डाचे सात-आठ हजार धरा. प्रोसेसर गेला असेल तर त्याचे वेगळे.’

भावाने फोन काढला. मला वाटलं भाव बघतोय. तो बँकेचं अॅप उघडून स्वतःचा बॅलन्स बघत होता. मग हळूच म्हणाला, ‘रॅम परत विकली तर किती येतील हो, काका?’

बस्स. तिथे मात्र माझ्याच्याने राहवलं नाही.

‘काका, प्रोसेसर कूलरबरोबर उपटून आला होता. मी तो दाबून बसवला. पहिल्यांदा तर दांडीसुद्धा उचलली नव्हती.’

खोलीत एकदम शांतता. म्हणजे खालून हॉर्न, हमालांची ‘बाजू, बाजू’ सगळं चालू होतं, पण मला काही ऐकू येईना. काका मात्र अजिबात चिडले नाहीत. त्यांनी टॉवरचे स्क्रू सोडवायला घेतले. ‘हे आधी सांगितलं असतं तर अर्धा तास वाचला असता. यात लाजण्यासारखं काय आहे? हे असं घेऊन येणारे काय तुम्ही पहिल्या आहात? सगळ्यांचं सुरुवातीचं वाक्य तेच. सरळ निघाला.’

१३३१ पिना

पेस्ट ताजी असल्यामुळे कूलर या वेळी हलकेच पिळल्याबरोबर सुटला. काकांनी दांडी उचलली, प्रोसेसर कडांना धरून उलटा केला आणि भिंगाखाली धरला. ‘या. बघा आपला पराक्रम.’

चार सेंटिमीटरचा चौकोन. त्यावर १३३१ पिना. शाळेच्या कवायतीत उभी असावीत तशी रांगेत. आणि एका कोपऱ्यात तीन पिना तिरक्या. चौथी तर पार झोपलेली.

काकांनी खिशातून काय काढलं असेल? शाळेत आपण वापरायचो ती बटणाची पेन्सिल. लीड काढून टाकलेली. तिचं पोकळ टोक पिनेवर अलगद बसवायचं आणि केसभर उचलायचं. थांबायचं. परत केसभर. एकदम सरळ करायला गेलं की पिना तुटते, आणि तुटली की खेळ खल्लास. झोपलेल्या पिनेला आधी पातळ ब्लेडने जरा उठवलं. मग पेन्सिल. मधूनमधून एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड दोन रांगांमधून सरकवून रांग सरळ आली का, ते बघत होते. वीस मिनिटं. (मी घरी म्हटलेली ती ‘वीस मिनिटं’ अशी असतात!)

हे करताना ते भावाला समजावत होते. इंटेलने २००४ पासूनच पिना प्रोसेसरवरून काढून सॉकेटमध्ये नेल्या. एएमडीने नेहमीच्या डेस्कटॉपसाठी तेच २०२२ मध्ये एएम५ आणताना केलं. शिवाय तिथे वरून लोखंडी चौकट असते, त्यामुळे प्रोसेसर कूलरबरोबर येत नाही. ‘पण घरोघरी अजून एएम४ चालू आहेत. तेव्हा काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवायचं. पेस्ट गरम होऊन नरम पडते. मग बंद करायचं, वायर काढायची, कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळायचा. सुटला असं वाटलं की मगच वर. बरणीचं झाकण उघडतो तसं. खेचायचं नाही.’

दांडी वर. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर. काकांनी नुसता ठेवला आणि बोट बाजूला घेतलं. तो आपोआप खाली बसला. न दाबता! मला उगाच भरून आलं.

पेस्टचा मटारएवढा ठिपका. टॉवर. स्क्रू एकदम एकच न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे. बटण.

लाल ठिपका गेला. आणि शेजारचा पिवळा पेटला. रॅम!

‘बघ, म्हटलं होतं ना...’ हे शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आले होते. गिळले, नशीब माझं. काकांनी वाकून बघितलं आणि रॅमच्या एका पट्टीवर अंगठा ठेवून दाबलं. खट्. बाजूची कुंडी बंद झाली. ‘अर्धीच बसली होती. ही कोणी काढली होती?’

‘मी,’ भाऊ म्हणाला. ‘काल रात्री. दोन वाजता.’

का काढली होती, ते त्याने सांगितलं नाही. मला मात्र ते चांगलंच ठाऊक होतं. आधी ती व्यवस्थित बसलेली होती. मी दोष दिला म्हणून त्याने ती अंधारात उपसली होती. एक बिघाड माझ्या हाताने झाला होता. दुसरा माझ्या तोंडाने!

बटण. पाच सेकंद. दहा सेकंद. नवी सेटिंग असल्यामुळे पहिल्या वेळेला जरा वेळ लागतो, घाबरायचं नाही, असं काका म्हणेपर्यंत स्क्रीनवर अक्षरं उमटली. ‘सीपीयू फॅन एरर! प्रेस एफ-वन.’

तिघंही हसलो. पंख्याची वायर मी ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी न लावता शेजारच्या कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी लावली होती. बोर्डाला वाटत होतं, पंखाच नाही. काकांनी वायर बदलली, बायोस उघडून तापमान दाखवलं. चाळिशीत. खोलीत एसी नसताना!

‘किती झाले, काका?’

‘चारशे द्या. अर्धा तास खोटं बोलण्याचे वेगळे घेत नाही.’

उसाचा रस, दोन ग्लास

खाली येऊन आम्ही उसाचा रस घेतला. आलं-लिंबू मारके. गोधडी दोघांच्या मधे. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबले.

‘मला प्रोसेसरचा राग नाही आला,’ भाऊच म्हणाला. ‘ते माझ्याकडूनही झालं असतं. पण तू रॅमवर ढकललंस. मी रात्रभर तिचं बिल शोधत होतो, वॉरंटीसाठी.’

‘सॉरी,’ मी म्हटलं. यापेक्षा बरं वाक्य मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत मला कोणी शिकवलेलं नाही.

त्याने ग्लास संपवला. ‘जाताना तू धर कॅबिनेट. माझे हात दुखतायत.’

धरलं. ग्रँट रोडच्या जिन्यावरून, दादरच्या पुलावरून, ठाण्याच्या रिक्षापर्यंत. दहा किलो म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. दादरला तोच पोलीस भेटला. ‘झाला का चालू?’ लांबूनच ओरडला. भाऊ दिलखुलास हसला. शुक्रवार रात्रीनंतर पहिल्यांदाच.

रेंडर सोमवारी पहाटे चारला संपले. अर्ध्या वेळात नाही, पण सत्तरीच्या वर आकडा गेला नाही आणि शेजारच्या काकूंना मिक्सर ऐकू आला नाही. ज्युरीत त्याच्या जिन्याच्या डिझाइनला यथेच्छ शिव्या पडल्या, बाकी सगळं पास. त्या जिन्याबद्दल मात्र मला खरंच जबाबदार धरू नका!

स्वस्त पार्ट कुठे मिळतो, हे तुमच्या मोबाइलला लॅमिंग्टन रोडपेक्षा जास्त माहीत असेल. पण ‘चालू होत नाही म्हणजे काय होत नाही?’ असं विचारून खऱ्या उत्तराची वाट बघत बसणारा माणूस खोक्यात घालून घरी येत नाही. त्यासाठी तो लाकडी जिना चढावा लागतो. आणि वर गेल्यावर तो ‘टक्’ सांगावा लागतो. लगेच सांगा. अर्धा तास वाचेल.

लॅमिंग्टन रोडला जाताय?

• रविवार टाळा. आडवारी सकाळी अकराच्या सुमाराला जा, कारागीर मोकळे मिळतात.

• वेस्टर्नवरून ग्रँट रोडला उतरून पूर्वेला या. मेट्रो ३च्या मार्गावरही ऑक्टोबर २०२५ पासून ग्रँट रोड स्टेशन सुरू झालंय. मशीन असेल तर गर्दीची वेळ नको.

• घरून निघण्यापूर्वी चार गोष्टी तपासा : एसएमपीएसचा स्विच, आठ पिनांची प्रोसेसरची केबल, रॅमच्या कुंड्या आणि ‘सीपीयू फॅन’ची वायर. वायर काढूनच आत हात घाला.

• बोर्डवर कुठला लाइट पेटतोय, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

• जड ग्राफिक कार्ड काढून वेगळं न्या. आणि हो, गोधडी बेस्ट!